सात माणसं, एक चूल

माय, तुला जाऊन या वैशाखात चौदा वर्षं होतील. तू होतीस तेव्हाही तुझ्या नावानं मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. पत्र जायचं ते धाकट्याच्या नावानं, आणि 'मायला नमस्कार सांग' एवढी एक ओळ तुझ्या वाट्याला यायची. आज लिहायला बसलोय त्याला कारण आहे. गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयात नव्या मुलामुलींचं शिबिर झालं. मुंबईहून आलेल्या एका साहेबांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला. कुठल्या देशात गरिबांच्या घरी खाणं-पिणं किती वाढलं, आणि सगळ्या देशाचं मिळून किती वाढलं, असा तो तक्ता होता. त्यात आपला देश होता, आणि आपल्या देशाच्या आकड्यात कुठंतरी आपलं घर होतं. पण तू नव्हतीस. पोटभर जेवणाऱ्या एका घरात मी तुला बसवून टाकलं होतं. ते कसं झालं, ते तुला थोडं माहीत आहे, सगळं नाही.

माझी नोकरी काय आहे हे तुला कधी नीट पटलं नाही. लागलो तेव्हा तू भाकरी थापत होतीस आणि विचारलंस, "काम काय असतंय रं?" मी सांगितलं की सरकार चिठ्ठ्या टाकून गावं निवडतं, गावात पुन्हा चिठ्ठ्या टाकून घरं निवडतं, आणि मी त्या घरांत जाऊन विचारतो की मागच्या महिन्यात ज्वारी किती खाल्ली, डाळ किती, तेल किती, गूळ किती. तुझा हात परातीत थांबला. "लोकाच्या घरात जाऊन जेवलाव का म्हून इचारतूस?" मी म्हणालो, होय. "आन त्येचा पगार देत्यात?" होय. "आन लोकं खरं सांगत्यात?" मी म्हणालो, सांगतात. "कशाचं सांगत्यात," तू म्हणालीस आणि हसायलाच लागलीस. "मला इचारलं तर म्या बी खोटंच सांगन. पावन्याला कुनी म्हनतं का, आमी उपाशी हाव म्हून?" त्या दिवशी मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं. पुढं वीस वर्षं हे काम करताना जे शिकलो ते त्याहून फार निराळं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी तुला तेव्हा सांगितली नाही. आमच्या कामात घर म्हणजे छप्पर नाही, घर म्हणजे चूल. एका वाड्यात चार भाऊ राहत असले आणि चुली चार असल्या तर घरं चार. दोन खोल्यांत पंधरा माणसं असली आणि चूल एक असली तर घर एक. गावात गेल्यावर आधी चुली मोजायच्या. मग त्या चुलीवर महिनाभरात जे शिजलं ते लिहायचं आणि खाणाऱ्या माणसांनी त्याला भागायचं. सात माणसं तर सात सारखे वाटे. कागदावर सासू, सून, कर्ता पुरुष, सगळ्यांच्या पानात सारखंच पडतं. तसं ते कुठल्याच घरात पडत नाही हे मी लहानपणापासून आपल्या घरात बघत होतो, पण भागाकार करताना ते कधी आठवलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी धाराशिवला दोन खोल्यांत बायको आणि दोन मुलांना घेऊन राहत होतो. महिन्याच्या महिन्याला धाकट्याच्या नावानं मनिऑर्डर करत होतो. मला वाटायचं, आपण घराला पाठवतो म्हणजे घरातल्या सगळ्यांना पाठवतो. धाकटा, भावजय, त्यांची चार पोरं आणि तू. तू पाझर तलावाच्या कामावर जातेस हे कळलं होतं. सगळं गावच जात होतं, त्यात मला काही वेगळं दिसलं नाही.

मग तो रविवार. येडशीला एसटीतून उतरून मी चालत निघालोय. रामलिंगाच्या डोंगरावर हिरवं काही उरलेलं नाही, माकडं रस्त्यावर येऊन बसलीत. घरी पोचतो तर भावजय आणि पोरं आहेत, तू कामावर. सवयीनं बैलांकडं म्हणून गोठ्यात जातो. बैल गुरांच्या छावणीत, गोठा रिकामा. आणि जिथं पांढऱ्या बैलाचं दावं असायचं तिथं तीन दगड, मधे राख, शेजारी एक लहान पातेलं, आणि मडक्यात पसाभर लाल मिलो, ती रेशनवरची परदेशी ज्वारी. राखेवर हात धरला तर ऊब होती. मी पुष्कळ गावांत अशा चुली मोजल्या होत्या. बघितल्याबरोबर कळतं की ही रोजची आहे की कधीमधी पाणी तापवायची.

तू आलीस ती डोक्यावरची टोपली न उतरवताच म्हणालीस, "कवा आलास? वाळलाईस की."

"हे काय आहे, माय?"

"काय न्हाय. पहाटं कामावर जावं लागतंय. सुनंची झोप कशाला मोडू?"

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी भूक कुठं असती रं. कामावर सुकडी वाटत्यात, ती खाते की."

"आज खाल्लीस?"

"आज उपास हाय."

"उपास तुझा सोमवारी असतो. आज रविवार आहे."

"मंग? रविवार खंडोबाचा न्हाय का? देवांना काय दुष्काळ हाय?" असं म्हणून तू पदरानं तोंड पुसलंस. हसत होतीस. मीही हसलो, माय.

धाकटा विहिरीकडून आला. त्याला बाजूला घेऊन विचारलं तर तो माझ्याकडं बघेना. "म्या काय करू, दादा? घरात बसून जेवली तर आपलं पोरांच्या पानात टाकती आन उठून जाती. बोललो तर म्हनती, माझं येगळंच बरं, कुनाच्या नजरंला तर येत न्हाय." मी त्याच्यावर रागावलो. तो राग मी पुढं बरीच वर्षं जपून ठेवला, कारण तो असला की मला दुसऱ्या कुणावर रागवावं लागत नव्हतं. निघताना तू धडप्यात बांधलेलं काहीतरी माझ्या पिशवीत घातलंस. "लेकरांला दे. ग्वाड असतंय." ती कामावर मिळालेली सुकडी होती, तीन-चार दिवसांची साठवलेली असावी. मी नको म्हणालो, तू ऐकलं नाहीस, आणि मी ती घेतली. मुलांना आवडली. धाकट्या लेकीनं बोटं चाटली आणि विचारलं, आजी अजून कधी देणार?

महिनाभरानं आपल्या गावाची चिठ्ठी निघाली. माझं गाव म्हणून मला जाता येत नव्हतं, म्हणून मुरुमकडचा माझा सोबती गेला. चांगला माणूस, कानडी आणि मराठी एका वाक्यात बोलायचा. गावात पुन्हा चिठ्ठ्या पडल्या आणि दहा-बारा घरांत आपलं घर आलं. परत आल्यावर चहा पिताना तो मला म्हणाला, "तुमच्या मातोश्री म्हणजे लई खमक्या. धाकट्या भावाला बोलूच देईनात. मी विचारतोय त्यांना आणि उत्तर देतायत या. ज्वारी किती? लिव पंधरा पायल्या. डाळ? लिव. गूळ? लिव की, पोरं हायत घरात. आणि वर मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सायबाचा सोबती उपाशी गेला तर माझा ल्योक काय म्हनंल म्हणे." मी विचारलं, भाकरी कशी होती? तो म्हणाला, "होती जरा लालसर. पण तव्यावरची गरम होती, काय सांगू."

कागद तपासायचं काम माझ्याकडं होतं. आपल्या गावाचे कागद दुसऱ्याकडं द्यावेत असं मी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. आपल्या घराचा कागद वर आला. माणसं सात, चूल एक. महिन्याची ज्वारी पंधरा पायल्या, आणि पुढं डाळ, गूळ, तेल. मिलोचा उल्लेख नाही. सात जणांत वाटलं तर त्या वर्षाच्या मानानं बरं खाणारं घर दिसत होतं. शेजारच्या कितीतरी घरांच्या वर. आणि गोठ्यातली ती तीन दगडांची चूल कागदावर असती तर ते एक निराळं घर झालं असतं. माणूस एक, विधवा, वय साठच्या पुढं, काम दुष्काळी कामावर माती वाहणं, अन्न मिलो आणि सुकडी. सगळ्या गावात त्या घराच्या खाली कुणी नसतं. त्या घराच्या कागदावर पुढं एक प्रश्न आला असता, बाहेरून कुणाची मदत येते का. त्याचं उत्तर 'नाही' असं लिहावं लागलं असतं, आणि तो कागद धाराशिवच्या कार्यालयात माझ्याच टेबलावर आला असता. कार्यालयातल्या साहेबांनी जाता जाता विचारलं, "हे तुमच्याच गावचं ना? ठीक आहे सगळं?" मी म्हणालो, "ठीक आहे, साहेब." कागद मी तसाच राहू दिला. तो पुढं गेला.

पुढच्या खेपेला मी पोतंभर नाही, पण दोन पायल्या ज्वारी घेऊन आलो आणि सरळ गोठ्यात नेऊन ठेवली. तू मला आयुष्यात फार थोड्या वेळा रागावून बोलली असशील. त्या दिवशी बोललीस. "उचल ते. सैपाकघरात नेऊन ठिव." मी म्हणालो, हे फक्त तुझ्यासाठी आहे. "माझं येगळं काय हाय? उद्या सून म्हनंल, थोरल्यानं आईपुरतं आनलं. पोटच्या दोघांत माझ्यापाई भिंत घालतूस का?" मग मी विचारलं, त्या माणसाला एक चूल का सांगितलीस?

"मंग काय दोन सांगू? परका मानूस. कागदावर लिवून न्हेनार. गावात कुनी वाचलं तर?"

"गावात नाही वाचत कुणी. तो कागद दिल्लीला जातो."

"मंग तर लईच वंगाळ. दिल्लीपतूर माझ्या घराची फूट कशाला न्हेतूस?"

ज्वारी मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. भावजयीचे डोळे भरले होते. ती वाईट नव्हती, माय. चार पोरं आणि रिकाम्या कणग्या, तिनं काय करायचं होतं?

पुढच्या सुगीला दाणे आले तेव्हा ते दगड तू स्वतः उचलून बांधावर टाकलेस आणि परत आत जेवायला बसलीस. दीडेक वर्षानं तुला आठ दिवस ताप आला. डॉक्टर म्हणाले, अंगात काही राहिलंच नाही. तुझ्या जाण्याचा आणि त्या कागदाचा संबंध नाही एवढं मला कळतं. कागदावर दोन चुली लिहिल्या असत्या म्हणून तुझ्या पातेल्यात जास्तीचं काही शिजलं नसतं.

गाव आता बदललं आहे. धाकट्याकडं दोन म्हशी आहेत, रोज दूध डेअरीला जातं, सोसायटीचा तो सभासद आहे, आणि पंचांच्या निवडणुकीत उभं राहायच्या गोष्टी करतो. त्याच्या घराचा आज कोणी कागद भरला तर आकडे चांगलेच निघतील, आणि ते खरे असतील. दिवाळीत गेलो होतो. सगळ्यांची जेवणं झाल्यावर भावजय तवा उतरवून एकटी जेवायला बसली. पानात काय आहे ते मी बघितलं. बघायची आता सवय लागली आहे. पानात पुरेसं होतं.

तर ते शिबिर. मुंबईचे साहेब समजावून सांगत होते, आणि चांगलं सांगत होते. देशाची सरासरी वर गेली म्हणजे सगळे वर गेले असं समजू नका, म्हणाले. देशातली सगळी माणसं गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका रांगेत उभी करा, शंभरातली खालची चाळीस घ्या, आणि त्यांचं किती वाढलं ते बघा. मग हेच दुसऱ्या देशात करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. तक्त्यावर कितीतरी देश होते. जिथून तो लाल मिलो जहाजात भरून आला तो देशही होता, वरच्या बाजूला. साहेब म्हणाले, अडचण अशी की प्रत्येक देश घरोघर जाऊन विचारतो, पण प्रत्येकाची विचारायची रीत निराळी. कुणी आठवड्याचं विचारतो, कुणी महिन्याचं. कुणाला घर म्हणजे एक छप्पर वाटतं, कुणाला एक चूल.

तुळजापूरकडची एक मुलगी, नवीनच लागलेली, हात वर करून म्हणाली, "सर, एका घरातली सगळी माणसं रांगेत एकाच जागी उभी करायची का?"

"हो. घराचं एकूण भागिले माणसं."

"मग आमची आजी आजोबांच्या शेजारी उभी राहील." सगळे हसले. "सर, खरंच. आमच्यात आजी आजोबांच्या शेजारी कधी उभी राहिलेली नाही."

साहेबही हसले. पण मला हसू आलं नाही, आणि न ठरवता मी उठलो. म्हणालो, दुष्काळात एका गावात एक म्हातारी होती. तिनं गोठ्यात वेगळी चूल मांडली होती आणि विचारायला गेलेल्या माणसाला तिनं एकच सांगितली. ती रांगेत सगळ्यांत खाली उभी राहायला हवी होती, ती मधे कुठंतरी दिसेनाशी झाली. साहेब म्हणाले, असं होतं, त्याला इलाज अवघड आहे, आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्या मुलीचं समाधान झालं नाही. "पण सर, कागद तपासणारा कुणी असेल ना? त्याच्या लक्षात आलं नाही?"

मी म्हणालो, "नसेल आलं." आणि खाली बसलो.

जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी माझ्याकडं आली आणि म्हणाली, आम्ही गावात गेल्यावर काय करू? मी तिला सांगितलं, घराच्या मागं जा. गोठ्यात जा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला एकटीला गाठ आणि महिन्याचं विचारू नकोस, काल तू काय खाल्लंस एवढंच विचार. कागदावर त्याला रकाना नाही. समासात लिही. ती म्हणाली, समासातलं कोण वाचतं, सर? मी म्हणालो, तपासणारा वाचतो.

त्या दिवसापासून सकाळी महादेवाला पाणी घालताना हात थांबतो. देवाला मी बरंच काही सांगितलं आहे, पण तिथं बोलताना माणूस आपल्या सोयीचं बोलतो. म्हणून कागद घेतला. आणि आता वर जे लिहिलं ते पुन्हा वाचलं तर एक जागा सापडली. 'कागद मी तसाच राहू दिला' असं मी लिहिलंय. ते खरं नाही. मुरुमचा तो सोबती भाकरी खाऊन आला होता, पण आंधळा नव्हता. समासात त्यानं बारीक अक्षरात शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, 'गोठ्यात राख, तीन दगड. म्हातारी वेगळी खाते? पुन्हा विचारावे.' त्या दिवशी साहेब टेबलापाशी यायच्या आधी मी ते खोडरबरानं पुसलं आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, धाकट्यालाही नाही, त्या सोबत्यालाही नाही. तो निवृत्त होऊन गावी गेला, त्यानं कधी विचारलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. आणि माय, तू असतीस तरी मी ते टाकलं नसतं, कारण तुला ते धाकट्यानं वाचून दाखवलं असतं. आज एवढं लिहू शकलो, ते तुला वाचता येत नव्हतं म्हणून.